जानेवारीतला पाऊस

आमच्या दहावीच्या वर्गाचा मेळावा ३४ वर्षांनी भरला. १९८८ची बॅच, तालुक्याच्या गावातली शाळा. जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागे उभा होता. त्या काळी आमच्या शाळेत मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत. फार तर आडनावाने उल्लेख व्हायचा, तोही तिसऱ्याजवळ. त्यामुळे आम्हा दोघांत हाक मारायची रीतच ठरलेली नव्हती. त्याने ‘तुम्ही’ म्हणून सुरुवात केली, मी ‘तू’ म्हटलं, मग तोही ‘तू’वर आला. ताटात मसालेभात पडेपर्यंत मला धीर आला आणि मी त्याला छत्रीबद्दल विचारलं.

माझ्या मनातलं चित्र असं: गॅदरिंगची रात्र. बाहेर धो धो पाऊस. मी शाळेच्या पायऱ्यांवर अडकून पडले आहे. तो येतो, काही न बोलता काळी छत्री माझ्या हातात देतो आणि भिजत निघून जातो. या एका प्रसंगावर माझं पहिलं प्रेम उभं होतं. पुढे काही घडलं नाही. तो पॉलिटेक्निकसाठी दुसऱ्या गावी गेला. माझं कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं सगळं रीतसर झालं. पण जूनचा पहिला पाऊस आला की त्या पायऱ्या आठवायच्या.

त्याने थोडा विचार केला. ‘‘अगं, गॅदरिंग जानेवारीत असायचं आपलं,’’ तो म्हणाला, ‘‘पाऊस कुठला? छत्री होती, पण ती नाटकातली. मी आजोबा झालो होतो. तोंडाचा रंग धुवायला जाताना तू समोर दिसलीस, तर तुझ्या हातात दिली.’’ मग त्यानेच विचारलं, ‘‘तुझा कोनमापक माझ्याकडे राहिला होता, आठवतं का? सहामाहीच्या भूमितीच्या पेपराला तू मागे सरकवला होतास. कितीतरी वर्षं माझ्या कंपासपेटीत होता तो.’’ मला काही केल्या आठवेना.

घरी परतताना मनात हेच घोळत राहिलं. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. मला छत्री आठवत होती, त्याला कोनमापक. आणि पाऊस तर पडलाच नव्हता. मग इतक्या वर्षांनी पहिलं प्रेम आठवताना आपण नेमकं काय आठवतो? मानसशास्त्राने आणि मेंदूविज्ञानाने या प्रश्नाभोवती गेल्या दीडशे वर्षांत बरंच काम केलं आहे. त्यातलं जे मला उमगलं ते इथे मांडते.

स्मर म्हणजे आठवण

आपल्या भाषांना प्रेम आणि आठवण यांचं नातं फार आधी दिसलं होतं. अमरकोशात कामदेवाची जी नावं दिली आहेत, त्यांत मदन, मन्मथ, अनंग यांच्या जोडीला ‘स्मर’ही आहे. स्मरण आणि स्मृती ज्या ‘स्मृ’ धातूपासून आले, त्याचाच हा शब्द. स्मर म्हणजे आठवण आणि स्मर म्हणजे प्रेमाचा देव.

कालिदासाने ‘शाकुंतल’ हे सबंध नाटकच विसरणं आणि आठवणं यांवर उभं केलं. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला दुष्यंताच्या कानावर हंसपदिकेचं गाणं पडतं. शापामुळे तो शकुंतलेला पार विसरला आहे. कुणी जवळचं दुरावलं आहे, हेही त्याला ठाऊक नाही. तरी गाणं ऐकून तो बेचैन होतो. सुखात असलेल्या माणसालाही अशी हुरहुर का लागावी, याचा तो विचार करतो आणि मागच्या जन्मीचे जिव्हाळे मनात खोल रुतलेले असतात, तेच नकळत आठवत असावेत, असं त्याला वाटतं.

प्रसंग पुसला जातो आणि भावना उरते, या कालिदासाच्या निरीक्षणाला आजच्या प्रयोगशाळेतही आधार सापडतो. नव्या आठवणी तयार होण्यासाठी मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आवश्यक असतो. तो भाग निकामी झालेल्या काही रुग्णांना आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रपटांतले दुःखाचे प्रसंग दाखवले. त्यांचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. काय पाहिलं ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण पाहिल्याने आलेली उदासी मात्र त्यांच्या मनात रेंगाळत राहिली.

आठवणींचा उंचवटा

पन्नाशी-साठीतल्या माणसाला एखादा शब्द द्यावा, उदाहरणार्थ ‘सायकल’ किंवा ‘नदी’, आणि त्यावरून आयुष्यातला कोणता प्रसंग आठवतो ते विचारावं. असे पुष्कळ शब्द दिले आणि प्रत्येक आठवण कोणत्या वयातली ते नोंदवलं, की एक आलेख तयार होतो. ही युक्ती फ्रान्सिस गॉल्टनची. १८७९ साली त्याने ७५ शब्दांची यादी करून स्वतःवरच हा प्रयोग केला. तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. त्याच्या मनात उमटलेल्या गोष्टींपैकी सुमारे ३९ टक्के बालपणातल्या आणि तरुणपणातल्या निघाल्या.

पुढे १९८६मध्ये डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली. अगदी अलीकडच्या आठवणी भरपूर असतात, मागे जावं तशा त्या विरळ होत जातात, हे अपेक्षितच होतं. पण वयाच्या १० ते ३० वर्षांच्या पट्ट्यात आलेख पुन्हा वर चढत होता. सपाट माळावर मधेच टेकाड यावं तसा. या टेकाडाला इंग्रजीत ‘रेमिनिसन्स बंप’ म्हणतात. आपण आठवणींचा उंचवटा म्हणू. पहिलं प्रेम बहुतेकांच्या आयुष्यात याच उंचवट्यावर येतं.

हा उंचवटा का तयार होतो, याची काही उत्तरं पुढे आली आहेत. या वयात मेंदूची धारणाशक्ती भरात असते, हे एक. दुसरं उत्तर पहिलेपणाचं. पहिल्यांदा एकट्याने केलेला एसटीचा प्रवास, पहिला पगार, पहिल्यांदा कुणासाठी तरी वाट वाकडी करून जाणं, या गोष्टींना आधीचा साचा नसतो, म्हणून मन त्या बारकाव्यांसकट नोंदवून ठेवतं. नंतरचे प्रवास आणि पगार एकमेकांत मिसळून जातात. तिसरं उत्तर मला सर्वांत पटतं. ‘मी कोण’ हे याच वर्षांत ठरत असतं, आणि ज्या प्रसंगांतून ते ठरलं ते आपण सांभाळून ठेवतो.

या तिसऱ्या उत्तराला स्थलांतरितांच्या अभ्यासाने बळ दिलं. रॉबर्ट श्राउफ आणि रुबिन यांनी १९९८मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्पॅनिश भाषक वृद्धांच्या आठवणी तपासल्या. जे तिशीच्या मध्यावर देश सोडून आले होते, त्यांचा उंचवटा पुढच्या वयाकडे सरकलेला दिसला. म्हणजे आयुष्य जिथे वळलं, तिथे आठवणी दाटतात. लग्नानंतर गाव, घर आणि आडनाव एका दिवसात बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना त्या वर्षातलं सगळं लख्ख का आठवतं, याचं उत्तर मला इथे सापडलं.

धडधड आणि ठसा

दुसरी गोष्ट शरीरातली. आपण घाबरतो, हरखतो, लाजतो, तेव्हा ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं रक्तात येतात. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रात जेम्स मॅक्गॉ यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं, की हीच संप्रेरकं मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागामार्फत आठवणीचा ठसा पक्का करतात. १९९४मध्ये त्यांच्या गटाने काही लोकांना चित्रांसह एक गोष्ट दाखवली. तिच्या मध्यावर एका मुलाला अपघात होतो. बहुतेकांना हा भाग अधिक ठळक आठवला. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिलं होतं, त्यांना तो बाकीच्या भागाइतकाच आठवला. धडधडीचा परिणाम औषधाने रोखला, तसा ठसाही फिका उमटला.

आमच्या शाळेत मुलाने मुलीच्या हातात काही देणं, तेही चारचौघांत, ही केवढी मोठी गोष्ट होती! ज्या काळात बोलणंच निषिद्ध होतं, त्या काळात एका छत्रीनेही छातीत धडधडायचं. बंधनं जितकी कडक, तितकी छोट्या गोष्टींची धडधड मोठी. त्या पिढीच्या पहिल्या प्रेमात पत्रं नाहीत, भेटी नाहीत, तरी ठसा खोल आहे, याचं एक कारण हे असावं.

हेलन फिशर, आर्थर ॲरन आणि ल्यूसी ब्राउन यांनी २००५मध्ये नव्याने प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. प्रिय व्यक्तीचा फोटो पाहताना त्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेला, डोपामिन तयार करणारा भाग उजळला. हव्याशा गोष्टीचा ध्यास घेताना काम करणारी ही यंत्रणा आहे. पण याच चमूने पुढे बियांका अकेव्हेडो यांच्यासह आणखी एक अभ्यास केला, तोही सांगितला पाहिजे. लग्नाला सरासरी २१ वर्षं झालेल्या आणि जोडीदारावर अजून उत्कट प्रेम असल्याचं सांगणाऱ्या १७ जणांच्या मेंदूतही तोच भाग उजळला. ती ओढ पहिल्या प्रेमाची मक्तेदारी नव्हे. वर्षानुवर्षांच्या संसारातही ती टिकू शकते.

पाऊस कुठून आला

आता माझ्या पावसाकडे येते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली ‘रिमेंबरिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याने केंब्रिजमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, काहींना तर कित्येक वर्षांनी, ती आठवून लिहायला सांगितली. लोकांनी ती प्रत्येक वेळी थोडी बदलली. परक्या संस्कृतीतल्या गोष्टी त्यांनी आपल्या ओळखीच्या करून घेतल्या. सीलची शिकार साधी मासेमारी झाली. जे समजत नव्हतं ते गळालं, जे शोभत होतं ते आत आलं. आठवणं म्हणजे साठवलेलं बाहेर काढणं नव्हे, आठवताना आपण दर वेळी नव्याने रचतो, हा बार्टलेटचा निष्कर्ष.

२०००मध्ये करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून याचा जैविक धागा दाखवला. विशिष्ट आवाज झाला की विजेचा झटका बसतो, हे उंदरांच्या मनात पक्कं झालेलं होतं. त्यांना तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डालामध्ये प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध सोडलं. पुढे ते उंदीर त्या आवाजाला पूर्वीसारखे घाबरेनात. आठवण जागी न करता औषध दिलं, तर भीती तशीच राहत होती. याचा अर्थ असा, की जागी केलेली आठवण काही वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावं लागतं. त्या मधल्या वेळात तिचा आकार बदलू शकतो.

माझ्या बाबतीत काय झालं असेल, ते मला आता दिसतं. छत्री खरी होती. छत्रीला पाऊस हवा, म्हणून मनाने कधीतरी पाऊस आणला. मग दर जूनमध्ये पहिल्या सरीला मी तो प्रसंग आठवत गेले आणि दर वेळी त्यात त्या वर्षीचा ओलावा मिसळत गेला. जी आठवण मी सर्वांत जास्त वेळा हातात घेतली, तिच्यावरच माझ्या बोटांचे ठसे सर्वांत जास्त उमटले. याउलट कोनमापकाकडे मी कधी वळलेच नाही. तो प्रसंग त्याच्याकडे राहिला.

मन आणखीही एक काम करतं. अप्रिय प्रसंगांशी जोडलेली भावना सुखद प्रसंगांच्या भावनेपेक्षा लवकर फिकी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्या प्रेमातली वाट पाहण्याची तगमग, घरी कळेल ही धास्ती, परीक्षेवर झालेला परिणाम हे सगळं हळूहळू विरतं. उरतं ते गोड. म्हणून साठीतल्या माणसाला सोळाव्या वर्षी आपण सुखी होतो असं वाटतं, आणि सोळा वर्षांच्या मुलाला तसं अजिबात वाटत नसतं.

अर्धवट राहिलेलं

आपल्याकडे पहिल्या प्रेमाची आठवण बहुतेकदा अर्धवट राहिलेल्या गोष्टीची असते. ब्ल्यूमा झायगार्निक या तरुण संशोधक स्त्रीने १९२७मध्ये बर्लिनमधल्या आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मधेच तोडलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहतात, असं तिला आढळलं. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, त्यामुळे तो अटळ नियम मानता येत नाही. पण तुटलेल्या धाग्याकडे मन पुन्हा पुन्हा वळतं, हा अनुभव कुणाला नाही?

हा धागा कुणी तोडला, हे विचारलं की गोष्ट मेंदूतून बाहेर पडून समाजात येते. लग्नाआधीचं प्रेम ही मराठी घरांत तशी अलीकडची गोष्ट आहे. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. पुढे १९१०मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या, त्या पती न्यायमूर्ती रानडे यांच्यासोबतच्या सहजीवनाच्या. त्या वयात लग्न झालेल्या मुलीला बालपण आणि संसार यांच्यामध्ये मोकळी जागाच मिळत नसे. ती जागा शिक्षणाने आणि कायद्याने हळूहळू तयार झाली. १९२९च्या शारदा कायद्याने लग्नाचं किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ केलं. १९७८च्या दुरुस्तीने ते १८ आणि २१ झालं. मुली शाळेत टिकल्या, मुलांच्या वर्गात बसू लागल्या, आणि त्या मोकळ्या वर्षांत पहिलं प्रेम उगवलं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ची कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची आहे. ती वाचून किती तरी मराठी वाचकांना आपलीच वही उघडल्यासारखं वाटलं. पण सगळ्यांच्या वहीत तेच नव्हतं. नागराज मंजुळे यांच्या २०१३च्या ‘फँड्री’तल्या जब्यालाही वर्गातली मुलगी आवडते, आणि त्याच्या पहिल्या प्रेमाच्या वाटेत त्याची जात दगडासारखी पडलेली असते. मंजुळे यांच्याच ‘सैराट’ने २०१६मध्ये पुढचं भीषण टोक दाखवलं. आपण ज्या हुरहुरीला गोड म्हणतो, ती पुष्कळांच्या बाबतीत अपमानाची आणि भीतीची आठवण आहे. कुणाला बाहेरगावी पाठवलं गेलं, कुणाचं घाईने लग्न लावलं गेलं, कुणाला मार बसला. वर्षं गेली म्हणून असं सगळंच मऊ होत नाही.

शोधावं का?

१६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तेव्हा तो रोगाचं नाव होता. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना घरच्या ओढीने होणारा आजार, असा त्याचा अर्थ होता. आज साउदॅम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशुट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस यांचं संशोधन उलट सांगतं. जुन्या दिवसांची गोड-कडू आठवण माणसाला एकटेपणातून सावरते, आपण कुणाला तरी हवे होतो ही जाणीव देते. तेव्हा पहिलं प्रेम आठवलं म्हणून स्वतःला अपराधी समजायचं कारण नाही. जोडीदाराशी ती प्रतारणाही नव्हे.

आठवण जपणं आणि त्या माणसाला पुन्हा शोधणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. नॅन्सी कॅलिश या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ. दुरावल्यानंतर पुन्हा एकत्र आलेल्या प्रेमिकांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९९७मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे हजाराच्या आसपास लोकांनी माहिती दिली आणि त्यातले बहुसंख्य तेव्हाही एकत्र होते. पण ही माहिती लोकांनी आपणहून दिलेली होती, आणि त्यातल्या पुष्कळांना तेव्हा दुसरा संसार नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. इंटरनेटमुळे शोधणं सोपं झाल्यावर विवाहित माणसंही सहज म्हणून एखादा निरोप पाठवू लागली. त्यातून संसार मोडू शकतात, असा इशारा कॅलिशबाईंनीच दिला.

तुर्गेनेवची ‘पहिलं प्रेम’ ही १८६०ची दीर्घकथा या बाबतीत फार काही सांगते. जेवणानंतर तिघं मित्र बसलेले असतात, प्रत्येकाने आपलं पहिलं प्रेम सांगायचं ठरतं. चाळिशीचा व्लादिमिर पेत्रोविच म्हणतो, मला तोंडी सांगता येत नाही, लिहून आणतो. दोन आठवड्यांनी तो वही घेऊन येतो आणि सोळाव्या वर्षीचा उन्हाळा वाचून दाखवतो. सांगितलं की निसटेल, लिहिलं तर नीट पाहता येईल, हे त्याला कळलेलं होतं.

मीही तेच केलं. मेळाव्यानंतर एका वहीत दोन रकाने आखले. एकात माझी आठवण लिहिली, दुसऱ्यात त्याची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं, त्यात तो फारसा नव्हता. होती ती पायरीवर उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी, जिला पहिल्यांदाच वाटलं होतं की आपण कुणाला तरी दिसतो. ती मुलगी माझी आहे. तिच्यासाठी मला कुणाला शोधायची गरज नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात आज सोळा-सतरा वर्षांचं कुणी असेल. ते मोबाईल उलटा ठेवत असेल, एखादं नाव निघालं की गप्प होत असेल. त्याच्या साठीत जो उंचवटा दिसणार आहे, तो या वर्षांत, तुमच्याच घरात तयार होतो आहे. त्या आठवणीत कोण असेल ते आपल्या हातात नाही. पण त्या चित्राच्या कडेला आई-बाप दिसतील, तेव्हा ते हात उगारलेले असावेत की शेजारी बसून ऐकणारे, हे मात्र आपण आजच ठरवू शकतो.